योरुबा लोकांचं 'ओरी' समजून घ्यायचंय? मग आधी अजाला कुंभाराच्या घरी जा

सध्या रील्सवर 'तुमचं ओरी काय सांगतंय' टाइपचं बरंच काही फिरून राहिलंय, पांढरे कपडे, कवड्या, मागे ढोल, आणि खाली कमेंटमधे आपलेच लोक विचारतात की दादा हे म्हणजे आपलं प्रारब्धच ना. ओरी म्हणजे योरुबा लोकांच्या मते माणसाचं आतलं डोकं, ज्यात त्याच्या वाट्याला काय येणार ते असतं, तेव्हा जवळचं आहे हो, पण 'तेच ते' म्हणून मोकळं झालं की त्यातली खरी मजा गेली, कारण योरुबा लोकांनी नशिबाचा प्रश्न आपल्यापेक्षा भलत्याच टोकाकडून धरलाय. म्हणून म्हटलं एकदा नीट क्रमाने लिहून टाकू, की हा विषय कुठून सुरू करायचा, काय आधी वाचायचं, काय मागाहून, कुठं सावध राहायचं. एखाद्या वाचनकट्ट्यावर हा विषय मांडायचा असेल तरी चालेल, आणि नुसतं स्वतःला समजून घ्यायचं असेल तरी दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

आधी एवढं की योरुबा लोक म्हणजे मुख्यतः नायजेरियाचा नैऋत्य भाग, शेजारच्या बेनिन आणि टोगोमधेही. त्यांचं पवित्र मूळ गाव इले-इफे. गुलामांच्या जहाजांतून हेच लोक क्युबाला गेले, ब्राझीलला गेले, आणि तिथं त्यांच्या परंपरेतून सांतेरिया, कांदोम्ब्ले असे वेगळे पंथ उभे राहिले. आज खुद्द योरुबा मुलुखात बहुतेक जण ख्रिश्चन नाहीतर मुसलमान आहेत, पण ओरीची भाषा रोजच्या बोलण्यात आणि माणसांच्या नावांत टिकून आहे. हे लक्षात ठेवायचं कारण एकच, नेटवर जे वाचाल ते हवानाचं आहे की इफेचं हे आधी बघा, दोन्हींत बराच फरक पडतो आणि लोक सर्रास खिचडी करतात.

सटवाईला थोडा वेळ बाजूला बसवा

आपल्याकडे बाळ झालं की पाचवीच्या नाहीतर सहावीच्या रात्री पाटावर कोरा कागद, पेन आणि दिवा ठेवतात, सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाणार. आजीला विचारा, ती अजूनही 'सटवाईनं लिवलं ते काय टळतं का बाप्पा' म्हणेल. यात बाळ झोपलेलं असतं. त्याला कोणी विचारत नाही, लिहिणारी दुसरीच, आणि काय लिहिलं ते सकाळी कोणालाच वाचता येत नाही. दुसरीकडे आपलं कर्म-प्रारब्ध आहे, तिथं मागच्या जन्मीचा हिशोब पुढं ओढलेला असतो, आज भोगतोय ते काल केलेल्याचं.

योरुबा कथा या दोन्हींतून वेगळी निघते. तिथं जन्माआधी माणूस स्वतःच्या पायाने चालत जातो, स्वतःच्या हाताने निवड करतो, आणि मग सगळं विसरून आईच्या पोटी येतो. लिहिणारी बाई नाही आणि मागच्या जन्माची वही पण नाही. एवढा एक फरक डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं यातूनच निघतं. पुनर्जन्म त्यांच्यातही आहे बरं का, आजोबा गेल्यावर मुलगा झाला की 'बाबातुंदे' म्हणजे बाप परत आला असं नाव ठेवतात, आजी परत आली की 'येतुंदे', पण परत आलेल्याला मागच्या पापाची शिक्षा मिळते असा त्याचा सूर नाही.

आता गोष्ट, आणि ही घाई न करता वाचा

ओरी म्हणजे डोकं, साधं खांद्यावरचं. पण त्याच्या आत अजून एक डोकं असतं, 'ओरी इनू', आतलं डोकं, आणि माणसाच्या वाट्याला काय येणार ते त्यात असतं. हे कुठून येतं त्याची गोष्ट इफाच्या पाठांतरात आहे. इफा म्हणजे त्यांचा कौल लावायचा प्रकार आणि त्याच्यासोबत तोंडपाठ असलेला कवितांचा अफाट साठा, युनेस्कोनं २००५ मधे त्याला मानवतेचा वारसा म्हणून जाहीर केलं आणि २००८ मधे अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

गोष्ट अशी की ओबाताला नावाचा देव मातीपासून शरीर घडवतो, हात पाय पोट पाठ. मग ओलोदुमारे, सगळ्यांत वरचा, त्यात श्वास घालतो. आता हे धूड जिवंत झालं, पण आतलं डोकं अजून नाही. ते घ्यायला त्याला अजालाच्या घरी जावं लागतं. अजाला कुंभार आहे, डोकी घडवतो. हाताला कला आहे पण माणूस एकदम बेभरवशाचा, उधारी करून ठेवलेली, घेणेकरी दारात बसलेले. त्याच्या घरात डोक्यांच्या राशी पडल्यात, काही नीट भाजलेली, काही कच्ची, काही जास्त भाजून तडे गेलेली, आणि बाहेरून बघितलं तर सगळी चकाचक सारखीच.

तीन मित्र निघाले. ओरिसेकू हा ओगुनचा, म्हणजे लोखंडाच्या देवाचा मुलगा, ओरिलेमेरे इजा नावाच्या देवाचा मुलगा, आणि अफुवापे ओरुन्मिलाचा. तिघांना सांगितलेलं की सरळ जा, वाटेत बापाच्या घरी वळू नका. पहिले दोघं सरळ गेले. अफुवापे म्हणाला मी बाबांना भेटूनच येतो. ओरुन्मिला म्हणजे इफाचा देव, त्यानं मुलासाठी कौल लावायला लावला, त्यात निघालं की मीठ आणि पैसे अर्पण करायचे. त्यातलं थोडं मीठ आणि थोड्या कवड्या पोराच्याच सोबत बांधून दिल्या, वाटेत लागतील म्हणून.

इकडं ते दोघं अजालाच्या घरी पोचले तर अजाला घरात नाही. थांबायचा कंटाळा. म्हटले आपणच बघून घेऊ, आणि सगळ्यांत मोठी, ताजी, देखणी डोकी उचलली. ती भाजलेलीच नव्हती. पृथ्वीकडे जाताना पाऊस लागला, जोरदार, आणि ओली माती धुपत गेली, झिजत झिजत डोकी लहान झाली. खाली येऊन दोघांनी खूप कष्ट केले, पण जे कमावलं ते ती झिजलेली डोकी डागडुजी करण्यातच जात राहिलं.

अफुवापे मागून आला. वाटेत एक राखणदार भाजी शिजवत होता आणि त्यात मिठाच्या जागी राख टाकत होता, त्याला मीठ म्हणजे काय तेच माहीत नाही. अफुवापेनं चिमूटभर मीठ टाकलं, त्यानं चाखलं, खूश झाला, आणि मग खरी माहिती दिली की अजाला घरातच आहे पण घेणेकऱ्याला घाबरून माळ्यावर लपून बसतो, तू त्याची उधारी फेड मग तो खाली येईल. अफुवापेनं १२ हजार कवड्या मोजून दिल्या. घेणेकरी गेला, अजाला उतरला, आणि लोखंडी सळई घेऊन एकेका डोक्यावर ठोकत गेला, खणखणीत वाजेल ते शोधायला. ते मिळालं, अफुवापेनं घातलं, पाऊस पडला आणि घरंगळून गेला. पृथ्वीवर त्याचं सगळं नीट झालं. मित्रांनी त्याचं घरदार बघितलं आणि रडायलाच लागले, की चांगली डोकी कुठं मिळतात ते माहीत असतं तर आम्हीही तिथंच गेलो असतो, तर अफुवापे म्हणतो अरे आपण सगळ्यांनी एकाच घरून घेतली की.

इथं एक छोटा प्रयोग सांगतो, एप्रिल-मे मधे नागपुरात असाल तर फुकटात होतो. रस्त्याच्या कडेला माठ लावून बसतात ना, तिथं एखादी अनुभवी बाई माठ घेताना बघा. ती रंग बघत नाही, नक्षी बघत नाही. एका हातावर माठ तोलते, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने ठोकते, कान जवळ नेते, टण वाजला तर ठीक आणि बद्द वाजला तर बाजूला ठेवून पुढचा उचलते, आणि विकणाऱ्याला पण माहीत असतं की या बाईला गंडवता येणार नाही. पंचेचाळीस डिग्रीत त्या ठोकण्यावर अख्ख्या घराचं थंड पाणी अवलंबून असतं. अजालाच्या गोष्टीत सळई काहून आली ते हे बघितल्यावर कळतं, पाच पानं वाचून कळत नाही.

कोण काय करतं ते एकदा लावून घ्या

नावं खूप आहेत म्हणून लोक गोंधळतात, पण कामं वाटलेली आहेत. ओबाताला शरीर, ओलोदुमारे श्वास, अजाला आतलं डोकं. निवड करून निघालात की स्वर्गाच्या दारावर राखणदार असतो, तिथं आपण काय घेऊन चाललो ते सांगायचं आणि त्यावर शिक्का बसतो, त्यानंतर जन्म झाला की सगळं पुसलं जातं. आता पुसलं गेलं तर शोधायचं कसं? त्यासाठी साक्षीदार पाहिजे. ओरुन्मिला निवडीच्या वेळी हजर होता, त्याचं बिरुदच 'एलेरी इपिन' आहे, वाट्याचा साक्षीदार. म्हणून योरुबा माणूस अडला की इफाकडे जातो. भविष्य विचारण्यापेक्षा आपणच काय ठरवून आलो होतो ते त्याला विचारायचं असतं, आणि हा धागा हातात असला की पुढचे विधी उगाच चमत्कारिक वाटत नाहीत.

शिल्पं बघायची असतील तर हीच वेळ. योरुबा लाकडी मूर्त्यांचे फोटो शोधा, डोकं शरीराच्या मानानं खूप मोठं असतं, जवळपास पूर्ण उंचीचा चौथा हिस्सा. आपल्याला आधी वाटतं कारागिराचं प्रमाण चुकलं, पण ओरीचं महत्त्व दाखवायलाच ते तसं केलेलं असतं. आणि इफेची धातूची डोकी बघाच, १९३८ मधे तिथं एका घराच्या पायासाठी खोदताना एकदम बरीच सापडली होती, चेहऱ्यावर बारीक उभ्या रेघा आणि इतकी शांत की बघत बसावं. जुन्या घरांमधे ओरीसाठी कवड्यांनी मढवलेलं शंकूसारखं एक छोटं 'घर' पण असायचं, त्याच्यावर शेकडो कवड्या, आणि कवडी म्हणजे तेव्हा रोकडा पैसा, त्यामुळे ती सजावट म्हणून घेऊ नका, कोणी आपल्या आतल्या डोक्यावर किती संपत्ती लावली ते त्यात दिसायचं.

बदलता येतं की नाही

हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो आणि याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्यात तीन शब्द चालतात. 'अकुन्लेयान' म्हणजे गुडघे टेकून स्वतः मागून घेतलेलं, 'अकुन्लेग्बा' म्हणजे गुडघे टेकलेल्याला हातात दिलेलं, आणि 'अयान्मो' म्हणजे चिकटवून टाकलेलं. बरेच जण असं सांगतात की कुठल्या घरात जन्मलो असल्या गोष्टी अयान्मोमधे जातात, त्या हलत नाहीत, बाकीच्या दोन्हींमधे मात्र वाव आहे, चांगलं असेल तर ते बिघडू शकतं आणि वाईट असेल तर सावरता येतं. अजालाची गोष्ट आणि ही तीन शब्दांची मांडणी एकमेकांत अगदी फिट बसत नाहीत, बसवायचा अट्टहास पण करू नका, तोंडी परंपरेत असं असतंच, आपल्या पुराणांत काय कमी आहे का.

वाव कशातून मिळतो, तर पहिलं एबो, म्हणजे अर्पण. दुसरं एसे, म्हणजे पाय. याची एक गोष्ट आहे, एकदा सगळ्या डोक्यांनी सभा भरवली आणि पायालाच बोलावलं नाही. सभेत मोठमोठं ठरलं. तेव्हा एशू नावाचा देव म्हणाला ठरवलं ते ठीक, पण ते होणार कसं, पायाशिवाय? मग पायाला बोलवावंच लागलं. चांगलं डोकं घेऊन आलात आणि घरी बसून राहिलात तर काहीच होत नाही, हा त्याचा सरळ अर्थ, आणि 'नशिबात असन ते होईन' म्हणून टपरीवर बसणाऱ्या पोट्ट्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

तिसरं 'इवा', स्वभाव, वागणूक. 'इवा पेले' म्हणजे सौम्य, सांभाळून वागणं. उत्तम डोकं पण इवा खराब असेल तर ते डोकं वाया जातं असं ते मानतात. इफाच्या एका कवितेत इवा ही ओरुन्मिलाची बायकोच आहे, तो तिला नीट वागवत नाही, ती निघून जाते, आणि मग एवढा मोठा कौल सांगणारा देव गावोगाव तिला शोधत फिरतो. मला विचाराल तर अजालापेक्षा ही गोष्ट जास्त चटका लावते.

आणि वाईट शक्ती पण आहेत, 'अजोगून' म्हणतात त्यांना, मरण, रोग, नुकसान वगैरे, त्या चांगल्या डोक्याच्या माणसाच्याही वाटेत आडव्या येतात. म्हणजे कुणाचं वाईट झालं की त्याचं ओरीच खराब असं धरून चालत नाही, त्यांच्या विचारात त्याला इतरही कारणं आहेत.

इफाचा कौल कसा लागतो

हे थोडं तांत्रिक आहे पण समजून घ्या, कारण फसवणूक ओळखायला हेच कामी येतं. सांगणारा असतो बाबालावो. तो वर्षानुवर्षं शिकतो, लहानपणापासून गुरूच्या घरी राहून. त्याच्याकडे १६ पवित्र ताडफळाच्या बिया असतात, 'इकिन'. त्या दोन्ही हातांत घेऊन एका हातानं झपकन उचलायच्या, मागे एक उरली तर लाकडी पाटावरच्या बारीक भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक रेघ, आणि दुसरं काही झालं तर पुन्हा. असं आठदा झालं की दोन रांगांत चार-चार खुणा होतात. प्रत्येक खूण एक नाहीतर दोन, आठ जागा, म्हणजे एकूण २५६ आकृत्या. त्यांना 'ओदू' म्हणतात, त्यातल्या १६ मुख्य. घाई असेल तर ओपेले नावाची साखळी असते, तिला आठ अर्धी टरफलं, एकदा टाकली की एकदम एक ओदू मिळतो.

प्रत्येक ओदूच्या खूप कविता असतात. बाबालावो त्या म्हणत जातो आणि ऐकणारा त्यात आपली गोष्ट ओळखतो. जुन्या पद्धतीत तर विचारणारा आपला प्रश्न बाबालावोला सांगतही नाही, नाण्याशी पुटपुटतो आणि नाणं खाली ठेवतो. बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी असाच कौल लावून बघायची रीत आहे, की हे काय घेऊन आलंय, याला काय टाळायला सांगायचं, आणि आठव्या दिवशी नाव ठेवतात. आपल्या पाचवी आणि बारशासारखंच आहे हे, पण फरक बघा, आपल्याकडे सटवाई लिहून गेली की विषय संपला, तिथं आई-बाप लगेच चौकशीला लागतात.

आता सावध कुठं व्हायचं. जो कोणी तुम्हाला जन्मतारीख, जन्मवेळ आणि रास विचारून 'ओरी रीडिंग' देतो तो इफाचं काम करत नाही, इफाला यातलं काही लागत नाही. जो व्हॉट्सअ‍ॅपवर आधी घाबरवतो की तुमचं डोकं कोणीतरी बांधलंय आणि मग सोडवायचे पैसे सांगतो, त्याला ब्लॉक करा. ओळखीतल्या एका ताईंना असंच कोणीतरी 'ओरी शुद्धी' म्हणून भली मोठी रक्कम सांगितली, वर क्रिप्टोमधे द्या म्हणे. नंबर कुठल्याही देशाचा असो, धंदा आपल्या चौकातल्या 'बंगाली बाबा'चाच.

आणि घरी स्वतः विधी करायला जाऊ नका. ओरीला खाऊ घालायचा एक विधी आहे, त्यात कोला नावाचं फळ, पाणी, नारळ वगैरे डोक्याला लावतात, पण तो करणारा माणूस वेगळा, त्याला दीक्षा लागते, आणि दुसऱ्याची जिवंत पूजा यूट्यूब बघून उरकणं मला तरी बरोबर वाटत नाही. तुमच्या बाप्पाची प्रतिष्ठापना कोणी रील बघून केली तर तुम्हाला कसं वाटेल. यातलं घेण्यासारखं साधं एवढंच आहे की योरुबा माणूस सकाळी उठल्यावर आधी स्वतःच्या ओरीशी बोलतो. त्याला दीक्षा लागत नाही.

स्वतःच्या ओरीशी आधी काहून? त्याची कविता ओगुंदा मेजी नावाच्या ओदूत आहे आणि ती कट्ट्यावर वाचायला जबरदस्त आहे. प्रश्न टाकलाय की आपल्या भक्तासोबत समुद्रापार लांबच्या प्रवासाला, मागे न वळता, देवांपैकी कोण जाईल? शांगो, म्हणजे विजेचा देव, म्हणतो मी जाईन. त्याला विचारतात, बरं, खूप चाललास आणि तुझं गाव कोसो आलं, घरच्यांनी चवळीसारख्या कडधान्याची दाट आमटी केली, कंदाच्या पिठाचा उंडा केला, कोंबडा कापला, तर? शांगो म्हणतो, पोटभर जेवीन आणि घरी जाईन. झालं, बाद. मग ओयाला विचारतात, मग ओबातालाला, ओगुनला, ओशुनला, एशूला, प्रत्येकाचं गाव वेगळं आणि ताटातलं वेगळं, पण उत्तर तेच, जेवून घरी. खुद्द ओरुन्मिला पण यातून सुटत नाही. शेवटी उत्तर येतं की भक्ताची साथ न सोडणारा एकच, त्याचं स्वतःचं ओरी. म्हणूनच त्यांच्यात म्हणतात की ओरीनं होकार दिल्याशिवाय कोणताही देव माणसाला मदत करू शकत नाही.

वाचायला काय घ्याल तर लिहिणारा कोण ते आधी बघा. वांदे अबिंबोला हे स्वतः बाबालावो आणि इफेच्या विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, त्यांचं लेखन इफाच्या कवितांच्या आतून येतं. बोलाजी इदोवू हे मेथडिस्ट चर्चचे मोठे धर्मगुरू, ते ओलोदुमारेला, एका सर्वोच्च देवाला, फार मध्यभागी ठेवतात. दोघंही योरुबा, दोघंही विद्वान, आणि तरी चित्र वेगळं दिसतं. मला विचाराल तर आधी अबिंबोला.

कट्ट्यावर मांडणार असाल तर

आधी अजालाची गोष्ट, नुसती गोष्ट, मधे एकही अवघड शब्द नको. मग शांगोची जेवणाची कविता, लोक हसतील, थोडे सैल होतील. मग तीन शब्द आणि एसेची सभा. इफाचं गणित शेवटी आणि थोडक्यात, नाहीतर इंजिनियर लोक बायनरी-बायनरी म्हणत तिकडंच पळतात आणि बाकी सगळे चहाची वाट बघत बसतात.

आणि मग नागपुरात एक प्रश्न येणारच, आला नाही तर तुम्हीच काढा. कोणीतरी काका उठून म्हणेल, हे तर परत तेच झालं, गरिबाला सांगायचं तूच कच्चं डोकं निवडलंस, आता भोग. ज्या गावात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी दीक्षाभूमीवर असल्या 'तुझंच कर्म' वाल्या हिशोबाला पाठ दाखवली त्या गावात हा प्रश्न हलक्यात घेऊन चालणार नाही, आणि खरं तर योरुबा तत्त्वज्ञ पण यावरच भांडतात. डोकी बाहेरून सारखीच दिसत असतील, आतली माहिती कोणी देत नसेल, तर त्याला निवड म्हणायचं कसं? आणि निवडच नसेल तर दोष कोणाचा?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. गोष्टीत ओरिसेकूला कोणी पापी म्हणत नाही. त्यानं मागच्या जन्मी काही केलं असंही कुठं नाही, तो कुणापेक्षा खालचा पण नाही, तो तर ओगुनचा मुलगा. माल खराब होता तो कुंभाराकडे, जो देवाच्या राज्यात बसून बिनभाजलेली डोकी तशीच ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की लपतो. म्हणजे अन्याय आहे हे गोष्ट लपवत नाही, त्याचं खापर फक्त भोगणाऱ्याच्या माथ्यावर फोडत नाही. पण काकांचं समाधान एवढ्यानं होणार नाही आणि होऊ पण नये, कारण अफुवापेचा बाप ओरुन्मिला होता, घरी कौल लावणारे होते, सोबत बांधून द्यायला कवड्या होत्या. ज्याच्या बापाकडे १२ हजार कवड्या नाहीत त्यानं अजालाला माळ्यावरून कसं उतरवायचं? याचं उत्तर मला त्या कवितेत सापडत नाही. मीठ मात्र चिमूटभरच होतं, आणि राखणदाराला चाखायला दिलं ते अफुवापेनं स्वतःहून, बापानं त्याचं नाव घेऊन सांगितलं नव्हतं. अर्धा कट्टा म्हणेल ही सरळ लाच आहे, अर्धा म्हणेल ही इवा आहे. त्यांना भांडू द्या, तुम्ही मधे पडू नका.